वाजते बूट

आमचा नातू चालायला लागला आणि घरात बुटांचा प्रश्न उभा राहिला. नातू स्वतः अजून धड उभा राहत नव्हता, ते सोडा.

करी रोडच्या चाळीतली आमची गॅलरी म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांचा हमरस्ता. तिथे पोराला सोडायचं तर बूट हवेत, यावर एकमत झालं. मी म्हटलं, दोन नंबर मोठेच घ्या. आमच्या घरात लग्नाच्या कोटापर्यंत सगळं वाढत्या अंगाचं घेतलेलं. (माझा कोट अजूनही मला मोठाच होतो!) डॉक्टरांनी तो बेत हाणून पाडला. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. सोल हाताने सहज वाकेल असा मऊ हवा. घरात तर अनवाणीच चालू द्या, पायाला जमीन कळली की तोल येतो. पोराचे तळवे सपाट म्हणून आमची ही घाबरली होती. तिलाही त्यांनी सांगितलं, या वयात तळव्याखाली चरबीची गादीच असते, कमान पुढे काही वर्षांनी दिसते.

सूनबाईने मऊ, मापाचे आणि पावलागणिक 'चूं चूं' करणारे बूट आणले.

आता हे वाजतात कुणासाठी? 'त्याला मजा येते ना!' हे आमचं अधिकृत उत्तर. खरं कारण, पोर कुठे आहे ते पोळ्या लाटता लाटता कळावं. माझे वडील जन्मभर गिरणीच्या भोंग्यावर चालले. १९८२ च्या संपानंतर इथले भोंगे एकेक करून मुके झाले. पण भोंगा निदान गिरणीवर होता, कामगाराच्या टाचेत नव्हता! ज्याला अजून 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या पायात पहारेकरी बांधायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

तत्त्वाला जागून एका दुपारी मी दोन्ही शिट्ट्या चिमट्याने उपटल्या.

पाच मिनिटांत पोर गायब. जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, तेव्हा माझी सगळी तत्त्वं गुडघ्यांतून गळाली. अखेर तिसऱ्या खोलीतल्या काकूंच्या मोरीजवळ सापडला, कुरमुरे खात, अनवाणी. बूट बादलीत. म्हणजे शिट्ट्या असत्या तरी वाजल्या नसत्या, हा मुद्दा मला सुचला. पण सूनबाईचा चेहरा पाहून मी तो गिळला.

"बाबा, शिट्ट्या कुठायत?"

मी घाईघाईने नातवाला उचलून छातीशी धरलं. खिसा दाबला गेला. चूं!

नातू खुदकन हसला आणि खिशावर लाथा मारू लागला.