निकाल माहीत असलेला न्यायाधीश

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकाआधी भाषाच सांगून टाकते. कुणाचा पुरता धुव्वा उडाला की ‘पानिपत झाले’ असे घरोघर म्हटले जाते. निकाल भाषेत इतका मुरला आहे, की त्या दिवशी सकाळी तो अजून लागायचा होता याचा विसर पडतो. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडली होती आणि मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या हुजुरातीने अब्दालीच्या वजिराची मधली फौज खिळखिळी केली होती. मग अब्दालीने राखून ठेवलेले ताजे स्वार पुढे आले, विश्वासरावांना गोळी लागली आणि रंग पालटला.

त्यानंतर सदाशिवरावभाऊंवर जे आरोप झाले, ते कुणाही मराठी माणसाला पाठ असतात. बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर का घेतले? गनिमी कावा सोडून जड तोफा कशाला ओढत नेल्या? अब्दालीला यमुना उतरू कशी दिली? प्रश्न रास्त वाटतात. पण विचारणाऱ्याच्या हातात भाऊंकडे नसलेली एक गोष्ट आहे: शेवट.

शेवट कळल्यावर माणसाच्या मनात काय होते, हे बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यातल्या एका प्रयोगासाठी त्याने निवडलेला प्रसंग हिंदुस्थानच्या उंबरठ्यावरचा होता: १८१४ च्या सुमाराचे इंग्रज आणि गुरखे यांचे युद्ध. त्याची पार्श्वभूमी सांगणारा एकच उतारा सगळ्यांना वाचायला दिला. इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, कोंडी होऊन तह झाला, कोंडी झाली पण तह नाही, असे चार शेवट शक्य होते. काहींना शेवट सांगितलाच नाही. बाकीच्या गटांना यांतला एकेक शेवट ‘खरा’ म्हणून सांगितला. नंतर विचारले, प्रत्येक शेवटाची शक्यता किती होती?

ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. उताऱ्यातली कोणती माहिती महत्त्वाची, याचे उत्तरही शेवटाप्रमाणे बदलले. ‘शेवट माहीत नाही असे धरून सांगा’ म्हटले, तरी फरक पुसला गेला नाही. ‘मला आधीच वाटले होते’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे आठवते. रुथ बेथ हिच्याबरोबर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात हेच दिसले. निक्सन यांच्या १९७२ च्या चीन आणि रशिया दौऱ्यांत काय घडेल, याचे अंदाज लोकांकडून आधी घेतले आणि पुढे तेच अंदाज त्यांना आठवून सांगायला लावले. जे घडले असे त्यांना वाटत होते, त्याची शक्यता आपण मुळात दिली होती त्याहून जास्त दिली होती, असे बहुतेकांना आठवले.

मराठीत याला पश्चातबुद्धी असा नेमका शब्द आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हणही आहे, आणि तिच्यात शिकण्याचा सल्ला आहे. अडचण सुरू होते ती मागचा पुढच्याला मूर्ख ठरवू लागतो तेव्हा. कारण मग प्रश्न केवळ स्मरणाचा राहत नाही, न्यायाचा होतो. माणसाच्या कृतीची किंमत तिच्या फळावरून करायची का?

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये हा प्रश्न जवळजवळ याच रूपात मांडला. छातीत दुखणारा पंचावन्न वर्षांचा रुग्ण. बायपास शस्त्रक्रियेने दुखणे थांबेल आणि आयुष्यही वाढेल, पण शस्त्रक्रियेतच दगावण्याचा धोका शंभरात आठ. डॉक्टर शस्त्रक्रिया करायचे ठरवतो. काहींना सांगितले, रुग्ण वाचला. काहींना सांगितले, गेला. माहिती तीच, धोका तोच, निर्णय तोच. तरीही रुग्ण गेल्याचे ऐकणाऱ्यांनी निर्णयाला कमी गुण दिले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये हा धोका ओळखला. डॉक्टरचा हलगर्जीपणा घटनेच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून ठरवायचा, खटल्याच्या दिवशी असलेल्या ज्ञानावरून नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

हा विचार या भूमीला नवा नाही. फळावर अधिकार नाही हे गीतेचे सांगणे सर्वांना ठाऊक असते. अठराव्या अध्यायातली कर्माची पाच कारणे मात्र क्वचितच आठवली जातात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो सगळे कर्तेपण एकट्या आपल्याकडे घेतो त्याला नीट दिसत नाही, असे तिथे म्हटले आहे. गीता हे स्वतःच्या अहंकाराबद्दल बोलते, पण तोच नियम दुसऱ्याला दोष देतानाही लावता येतो. पाचांपैकी एकच कारण, कर्ता, डोळ्यांपुढे ठेवून बाकीची चार विसरणे ही निवाडा करणाऱ्याची नेहमीची चूक आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त याची दुसरी बाजू येते. ते अमेरिकेतल्या एका शहराचा दाखला देतात. ट्रामची परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, लोकांची सोय झाली, आणि तरीही पुढे खटला होऊन त्याला शिक्षा झाली. पुष्कळांचे सुख साधले म्हणून लाच शुद्ध होत नाही. टिळकांच्या मते बाहेरच्या परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे. म्हणजे फळ वाईट निघाले म्हणून कर्म वाईट ठरत नाही, तसेच फळ गोड निघाले म्हणून ते चांगलेही ठरत नाही.

ही कसोटी अब्दालीला लावली तर? ऑक्टोबर १७६० मध्ये त्याने बागपतजवळ भरलेल्या यमुनेत फौज घातली. काही माणसे बुडाली, बरीच पार झाली आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला. इतिहास त्याला धाडस म्हणतो. पाणी थोडे आणखी चढले असते, तर याच निर्णयाला अविचार म्हटले गेले असते. भाऊंच्या तोफांचेही तसेच. पानिपताच्या अकरा महिने आधी, फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरला याच इब्राहिमखानाच्या तोफखान्यापुढे निजाम नमला होता. ज्या साधनाने नुकता विजय दिला त्यावर भाऊंनी विश्वास ठेवला. उलट निर्णय घ्यायला त्यांच्यापाशी त्या वेळी आजच्याइतके सबळ कारण नव्हते.

याचा अर्थ भाऊंची चूकच नव्हती असा नाही. गीता तामस कर्माचे वर्णन करताना परिणाम, हानी, हिंसा आणि आपली ताकद न पाहता केलेले कर्म असे म्हणते. परिणामाचा विचार आधी करायचा असतो, तो कर्त्याचा धर्मच आहे. जड सामान आणि कुटुंबे मागे ठेवावीत असा सल्ला सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांनी दिल्याचे सांगितले जाते. हा दोष खरा मोजायचा, कारण तो इशारा लढाईच्या आधीचा आहे. मात्र इथेही जपून पावले टाकावी लागतात. जे इशारे खरे ठरले तेच बखरींत आणि आठवणींत टिकतात. छावणीत रोज दिले गेलेले आणि खोटे ठरलेले सल्ले कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून भाऊंचा निवाडा करायचा तर १३ जानेवारीच्या रात्री त्यांच्या तंबूत जावे लागते. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेल्यावर रसदेची आशा मावळली होती. उपाशी सैनिक आणि सरदार म्हणत होते, भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू. भाऊंनी अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याकडच्या काशीराज पंडिताला चिठ्ठी पाठवून तहाचा अखेरचा प्रयत्न केला. पहाटे सैन्य तोंडाला हळद फासून बाहेर पडले. त्या तंबूत भूक होती, उदगीरची आठवण होती. दुसऱ्या दिवशीची दुपार तिथे कुणापाशीच नव्हती.