रिकामी ताटली



न्यूझीलंडमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्हां उभयतांना एका घरी बोलावणे आले. चिठ्ठीत शेवटी 'ब्रिंग अ प्लेट' असे लिहिले होते. यजमानांकडे ताटल्या कमी असतील असे समजून आम्ही दोन स्वच्छ ताटल्या पिशवीत घालून नेल्या! प्लेट आणायची म्हणजे काहीतरी खायचे करून, भरून आणायची, हे तेथले टेबल पाहिल्यावर उमगले. मुंबईत दहा वर्षे इंग्रजी शिकवून आलेला मी. कान असे तापले की सांगता सोय नाही. (पुष्कळ नवागतांची येथे हीच फजिती होते असे मागाहून ऐकले, पण त्या रात्री त्याचा काय उपयोग?)

घरच्या बाई काही बोलल्या नाहीत. हातातल्या ताटल्या घेऊन आत गेल्या, त्यांत सँडविच रचले आणि इतर ताटल्यांत आणून ठेवले. कोणाची ताटली कोणती हे कोणालाच कळले नाही.

मिश्नाच्या बिक्कुरीम भागात अगदी असेच आहे. शेतकरी पहिले फळ बेथ हामिकदाशात आणी, तेव्हा त्याला तोरातील ठराविक वचने हिब्रूत म्हणावी लागत. ज्याला येत तो स्वतः म्हणे, ज्याला येत नसत त्याला दुसरा सांगे. पुढे अडाणी माणसे लाजेने फळे आणीनाशी झाली. तेव्हा हाखामांनी ठरवले की येणारा असो वा न येणारा, सर्वांनाच सांगावे. अडाण्याला कोणी उपदेश केला नाही, रीतच बदलली.

तामारेची गोष्ट आपण जाणतोच. तिला जाळायला नेत होते, तरी तिने यहूदाचे नाव चारचौघांत घेतले नाही; मुद्रा, दोरी आणि काठी तेवढी पाठवली. गेमारातही, लोकांदेखत दुसऱ्याचा चेहरा पांढरा करणे हे रक्त सांडण्यासारखे मानले आहे.

हे मला फार उशिरा समजले. पिर्के आबोथमध्ये हिल्लेल सांगतात की लाजणारा शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. वर्गात मी पहिलेच वाक्य ऐकवीत असे. एकदा कोकणातून आलेल्या एका मुलाच्या उच्चारावर मी स्वतः हसलो, मग वर्ग हसला. त्याने वर्षभर पुन्हा मोठ्याने वाचले नाही. दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा धनी मीच होतो.

आता येथील सिनेगॉगांत बहुधा अश्कनाझी चाल. आपली चाल निराळी, कित्येकांना हिब्रू अक्षरे नीट लागत नाहीत. सेफेरवर बोलावतील या भीतीने आपले काहीजण मागच्या बाकावर बसतात, काहीजण येतच नाहीत. त्यांना धीट व्हा म्हणणे सोपे आहे.

मी बेराखा देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून काढली आहे. गब्बाईंना विनंती आहे की तो कागद मेजावर कायमच ठेवावा, आणि वर येणाऱ्या प्रत्येकाने, ज्याला पाठ आहे त्यानेसुद्धा, त्यात पाहूनच म्हणावे. पहिल्यांदा मी पाहून म्हणेन.