नळाच्या पाण्याचं ऋण

सुखाची जाणीव करून द्यायची आपल्याकडं एक ठरलेली रीत आहे : ज्याच्याकडं नाही त्याच्याकडं बोट दाखवायचं. पानात भाकरी टाकली की उपाशी माणसांची आठवण, नळ वाहता ठेवला की दुष्काळी जत-माणच्या बायांच्या डोक्यावरच्या घागरी. सांगली-साताऱ्याच्या नदीकाठी वाढलेल्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, तरी मला ही रीत अपुरी वाटत आली आहे. दुसऱ्याची हलाखी बघून आपण सुटकेचा श्वास टाकतो. 'बरं झालं, आपण तिथं जन्मलो नाही', एवढंच त्या श्वासात असतं. त्यात कुणाचे उपकार मानलेले नसतात. आणि जिची घागर उदाहरणाला घेतली, तिच्या घागरीत त्यानं थेंबही वाढत नाही.

आपलं सुख कुठून आलं, कुणाच्या अंगणावरून आलं, हे विचारलं की गोष्ट वेगळी होते. सांगलीत सकाळी नळाला येणारं पाणी कृष्णेचं. पण पावसाळा सरल्यावर ही नदी वाहती राहते ती बरीचशी कोयनेच्या जिवावर. कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग खाली येतं. २०२३ साली पाऊस कमी झाला, कोयना धरण पूर्ण भरलं नाही, आणि पावसाळा संपतो न संपतो तोच सांगलीत कृष्णेचं पात्र उघडं पडलं. तेव्हा कुठं शहराला आपल्या नळाचं दुसरं टोक कुठं आहे ते दिसलं.

त्या टोकाला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. १०५ टीएमसींचा (अब्ज घनफुटांचा) हा साठा ज्या खोऱ्यात उभा आहे, तिथं माणसं नांदत होती. जावळी-पाटणच्या डोंगरातली शंभराच्या आसपास गावं त्यासाठी उठली. भातखाचरं, देवळं, सोयरिकी सगळं मागं टाकून लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा वाटांनी पांगले. पावसात जन्म गेलेल्या माणसांना काही ठिकाणी कोरडवाहू माळ मिळाला, काहींना तोही नाही. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. धरणात साठलेल्या पाण्याचा त्या हादऱ्याशी संबंध असल्याचं बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. इकडं कोयनेची वीज महाराष्ट्रभर पोचली. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडं उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळतं. मुंबईतला दिवा, कारखान्यातलं यंत्र, माझ्या खोलीतला पंखा हे सगळं या हिशेबात येतं. जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना मात्र अजून तापोळा-बामणोलीच्या लाँचचा आधार लागतो.

हे कळल्यावर पाण्याच्या पेल्याला आपोआप वजन येतं. त्यासाठी कुणी उपदेश करावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. समाधानी राहा, जे आहे त्यात सुख माना, हा उपदेश बहुतेक वेळा चुकीच्या दारात जातो. टँकर आला म्हणून जतच्या माणसानं हात जोडावेत अशी आपली अपेक्षा असते. २०२२ च्या अखेरीस जतच्या सीमेवरची गावं उघड म्हणाली की पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो. इकडं अनेकांना ते झोंबलं. मला त्यात कृतघ्नपणा दिसला नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवड पाचशेच्या आतबाहेर भागवतं. सांगलीचा पूर्वभागही तसाच. पावसाचं हे वाटप निसर्गाचं आहे, पण नदीच्या पाण्याचं वाटप माणसांनी केलेलं आहे. ज्याला वाट्याचं मिळालं नाही, त्यानं हक्क मागावा. उपकार स्मरायचे ते आपण, ज्यांच्या दारात नळ आहे त्यांनी.

आणि या मातीत पाणी वाटून घेणारी माणसं झाली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवसांत मिरजेत भेटेल तो अभिमानानं 'आमची कृष्णा' म्हणत होता, आणि तो अभिमान मला आवडला, कारण देताना आलेला होता. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, खानापूर तालुक्यात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवला. पुढं आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या चळवळीनं हीच मागणी लावून धरली : पाणी जमिनीच्या मालकीवर नको, माणसावर वाटा. आज टेंभू उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आटपाडीच्या माळावर जातं, आणि टेंभू गाव आहे कराडच्या खाली, कोयना कृष्णेला मिळते त्याच्या पुढं. म्हणजे आटपाडीच्या डाळिंबाच्या बागेतही कोयनेचं बुडालेलं शिवार आहे.

त्या शिवाराच्या वारसांना २०१८ साली कोयनानगरला जमिनीसाठी कित्येक दिवस धरणं धरून बसावं लागलं. धरण उभं राहून अर्धशतक उलटल्यावरही हक्काची जमीन मागावी लागत होती, आणि मागणाऱ्यांत नातवंडं होती. आपण पाणीपट्टी भरतो ती पंपाची, पाइपची, शुद्धीकरणाची. बुडालेल्या गावाचा आकार त्या पावतीवर नसतो. सांगली, कराड, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) पालिकांनी आणि नदीकाठच्या ग्रामसभांनी प्रकल्पग्रस्तांचं पुनर्वसन पुरं करा असा ठराव दरवर्षी सरकारकडं धाडावा. शाळेच्या सहली धरण बघायला जातात, तिथं पोरांना पाण्याखालच्या गावांची नावंही वाचून दाखवावीत. ज्यांचं पाणी आपण पितो त्यांच्या सातबाऱ्यासाठी बोलणं, हे आपलं काम आहे.