दाराला कडी का घालावी?

गिरगाव चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं, ते एका शब्दावर. इथे मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवला जाणार नाही, ब्राह्मण घरांतून येणाऱ्या विधवांचं सोवळंओवळं त्यांच्या रीतीने चालेल. खर्चाचा भार दहा वर्षांसाठी अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने उचलला होता. घर चालवणारी बाई मात्र १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आलेली. तिची श्रद्धा एक आणि घराचा करार दुसरा, ही ओढाताण पहिल्या दिवसापासूनच होती.

वर्ष-दीड वर्षात सदन पुण्याला गेलं आणि तिथे ही ओढाताण उघड झाली. रमाबाई मुलगी मनोरमासह आपल्या खोलीत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, हाकललंही नाही. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सदनाचं सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात रमाबाईंना कोणी फसव्या ठरवतं, कोणी संत. दोन्हीकडचे लोक अवघड भाग टाळून पुढे जातात असं मला वाटतं. प्रार्थनेपुरती दाराला कडी घातली असती तर सल्लागार टिकले असते, गावाचं तोंडही बंद झालं असतं. रमाबाईंनी ते केलं नाही. मुलींना त्यांच्या पूजाअर्चेची मोकळीक आहे, तर आपण आपल्याच घरात चोरून प्रार्थना का करावी, अशी त्यांची भूमिका होती. इथवर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. लपवावी लागणारी श्रद्धा हळूहळू लपवणाऱ्यालाच खोटं करत जाते.

पण समोरची बाजूही पोकळ नव्हती. रानडे-भांडारकर काही सनातनी नव्हेत. गिरगावात ज्याची मुळं रुजली त्या प्रार्थना समाजाची ती माणसं, स्वतः सनातन्यांच्या शिव्या खाल्लेली. त्यांची शंका साधी होती. घरच्यांनी पांढऱ्या पायाची ठरवलेली मुलगी इथे येते. जिच्यामुळे तिला पोटभर जेवण मिळतं, जी तिला वाचायला शिकवते, आजारपणात उशाशी बसते, तीच बाई शेजारच्या खोलीत गुडघे टेकून बसलेली दिसते. त्या मुलीच्या ‘स्वतःहून’ येण्याला किती अर्थ? उपकारांचं ओझं बोलून दाखवावं लागत नाही. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. तरी सगळ्याच वाहून गेल्या असंही नाही. चौपाटीच्या घरातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी हिंदूच राहिल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या.

रमाबाईंच्या सचोटीचा दाखला मला या वादाच्याही आधी सापडतो, इंग्लंडात. वाँटेजच्या मठातल्या ज्या ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना आसरा दिला, त्यांचंही त्यांनी मुकाट्याने ऐकलं नाही. बायबलमध्ये आपल्याला दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, असं त्या तोंडावर सांगत. मांसाहार त्यांनी केला नाही. पुढे इकडे आल्यावर मिशनरी कुरकुरले, ही बाई धर्मप्रचार करत नाही म्हणून. हिंदू समाजाला त्या फार ख्रिस्ती वाटत, मिशनला पुरेशा ख्रिस्ती वाटत नसत. दोन्हीकडून फटके खाणारा माणूस प्रत्येक वेळी बरोबरच असतो असं नाही; पण स्वार्थासाठी तो हे करत नाही, एवढं तरी धरून चालता येतं.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. १८९१च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेतच मोठं वळण आलं. तोवर आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांना वाटू लागलं. म्हणजे चौपाटीवर शब्द देणाऱ्या रमाबाई आणि पुण्यात दार उघडं ठेवणाऱ्या रमाबाई यांच्यात फरक पडला होता. दाराला कडी घालणं खोटेपणा ठरला असता हे खरं, पण मुलींच्या आईबापांना पुन्हा बोलावून ‘मी बदलले आहे, आता तुम्ही ठरवा’ असं सांगणं त्यांचं काम होतं. देवाशी राखलेला प्रामाणिकपणा माणसांना दिलेल्या शब्दातून आपोआप मोकळं करत नाही. धार्मिक माणसं हे फार चटकन विसरतात, त्यांचा धर्म कोणताही असो.

असोसिएशनने कबूल केलेली दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये सरली. त्यानंतर केडगावात त्यांनी उभं केलेलं मुक्ती मिशन हे निराधार बायकांचं घर उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चाललं. आत काय आहे ते येणाऱ्याला आधीच ठाऊक असे. चौपाटीच्या घराइतकं ते उदार वाटत नाही, आणि दुष्काळाने हाकललेल्या बायकांना तिथेही निवड कितपत होती हा प्रश्न उरतोच. तरी दोहोंतून एक निवडायचं झालं, तर मी केडगाव निवडेन.