एका वेतनात दोन आयुष्ये : विज्ञानकथेतील सेनाधिकाऱ्याची पत्नी

अंतराळयुद्धांच्या कथांमध्ये जहाजे, शस्त्रे, डावपेच आणि सेनापती यांचे वर्णन जितक्या बारकाईने केलेले असते, तितक्या बारकाईने सेनाधिकाऱ्याच्या घराचे वर्णन क्वचितच आढळते. आणि त्यामुळे हजारो वर्षांपुढचे तंत्रज्ञान सहज कल्पिणारे अनेक लेखक कुटुंबव्यवस्था मात्र आपल्याच काळातली, तीही न तपासता, पुढे नेतात. भविष्यातल्या समाजाची कल्पना कितपत खोल आहे हे पारखायचे असेल, तर त्या समाजातील अधिकाऱ्याची पत्नी कोणते जीवन जगते, तिच्या श्रमाची नोंद कोण ठेवतो आणि तिच्या निर्णयाला कथेत किती वजन मिळते, हे प्रश्न विचारणे हा एक भरवशाचा मार्ग आहे. अमेरिकन लेखिका लॉइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी १९८६ पासून लिहिलेली व्होरकोसिगन कादंबरीमाला या कसोटीवर विशेष अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिने या घराला कथेच्या कडेला न ठेवता मध्यभागी आणले.

या मालेकडे वळण्यापूर्वी समाजशास्त्रातील दोन संकल्पना ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल. पहिली संकल्पना हॅना पापानेक यांनी १९७३ मध्ये मांडलेली ‘दोघांची कारकीर्द’ ही होय. काही व्यवसायांत नेमणूक आणि वेतन पतीला मिळते, परंतु पाहुण्यांचे आदरातिथ्य, कनिष्ठ सहकाऱ्यांच्या कुटुंबांची विचारपूस, संस्थेची प्रतिष्ठा सांभाळणे आणि पतीला घरच्या चिंतांपासून मोकळे ठेवणे ही कामे पत्नीने करावीत अशी अपेक्षा असते, आणि अशा रीतीने संस्था एका वेतनात दोन माणसांचे श्रम मिळवते, असा या संकल्पनेचा आशय आहे. दुसरी संकल्पना ल्युइस कोझर यांची, १९७४ मधील, ‘अधाशी संस्था’ ही होय. माणसाच्या ठरावीक वेळेवर समाधान न मानता त्याच्या संपूर्ण निष्ठेवर हक्क सांगणाऱ्या संस्थेला त्यांनी हे नाव दिले. मॅडी वेक्स्लर सेगल यांनी १९८६ मध्ये ही संकल्पना सैन्याला लावताना असे दाखवले की सैन्य आणि कुटुंब या दोन्ही संस्था याच अर्थाने अधाशी आहेत, दोघींचा दावा एकाच माणसावर असतो, आणि वारंवार होणाऱ्या बदल्या, दीर्घ वियोग व मृत्यूची शक्यता यांमुळे तो संघर्ष अधिक तीव्र होतो. या ओढाताणीची झीज सोसणारी व्यक्ती बहुधा पत्नी असते, आणि तिचे नाव सैन्याच्या कोणत्याही हजेरीपटावर नसते.

बुजोल्ड यांनी निर्माण केलेला बॅरायार हा ग्रह या विचारासाठी अनुरूप पार्श्वभूमी पुरवतो. इतर मानवी वसाहतींशी असलेला अंतराळमार्ग बंद पडल्यामुळे हा ग्रह शतकानुशतके एकाकी राहिला, सरंजामशाहीकडे परतला, आणि मार्ग पुन्हा खुला झाल्यावर परकीय आक्रमणाला तोंड देत त्याने आधुनिक आरमार उभारले. त्यामुळे तेथे आंतरतारकीय युद्धनौका आहेत, पण सैन्यात स्त्रियांना प्रवेश नाही, आणि ‘व्होर’ नावाच्या योद्धावर्गातील स्त्रीची ओळख ती कोणाची कन्या, पत्नी किंवा माता आहे यावरून ठरते. याउलट बीटा वसाहत ही लोकशाहीवादी, तंत्रप्रगत आणि स्त्री-पुरुष समतेला गृहीत धरणारी आहे. कॉर्डेलिया नेस्मिथ ही मालेची पहिली नायिका बीटाच्या खगोलीय सर्वेक्षण दलातील कप्तान असून, १९८६ मधील ‘शार्ड्‌स ऑफ ऑनर’ या कादंबरीत ती बॅरायारचा सेनाधिकारी अ‍ॅरल व्होरकोसिगन याच्या कैदेत सापडते, पुढे बॅरायारने एस्कोबार या ग्रहाविरुद्ध केलेल्या युद्धात त्याच्या विरुद्ध बाजूला उभी राहते, आणि अखेरीस स्वतःच्याच सरकारच्या संशयाला कंटाळून बॅरायारला येऊन त्याच्याशी विवाह करते. स्वतः जहाजाची सूत्रे सांभाळलेली स्त्री अधिकाऱ्याची पत्नी म्हणून जगू लागते, तेव्हा त्या भूमिकेतील जे काही जन्मापासून त्यात वाढलेल्या स्त्रियांना स्वाभाविक वाटते, ते तिला स्वाभाविक वाटत नाही. आणि तिच्या या परकेपणामुळेच लेखिकेला संपूर्ण व्यवस्थेची चिकित्सा करता येते.

१९९१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आणि १९९२ चा ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या ‘बॅरायार’ या कादंबरीत ही चिकित्सा सर्वांत धारदार होते. बालसम्राट ग्रेगोर याचा राजप्रतिनिधी म्हणून अ‍ॅरलची नेमणूक झाल्यावर त्याच्यावर विषारी वायूचा हल्ला होतो, गर्भवती कॉर्डेलियाही त्यात सापडते, आणि त्या विषावरचा उतारा तिचा जीव वाचवत असतानाच गर्भाच्या हाडांना इजा करतो. तेव्हा तो गर्भ कृत्रिम गर्भाशयात, म्हणजे मातेच्या शरीराबाहेर गर्भाची पूर्ण वाढ करू शकणाऱ्या यंत्रात, हलवला जातो. ही यंत्रे बॅरायारच्या लष्करी रुग्णालयात आली होती ती एस्कोबारच्या युद्धानंतर, जेव्हा बॅरायारी सैनिकांनी अत्याचार केलेल्या युद्धकैदी स्त्रियांचे १७ गर्भ अशाच यंत्रांतून त्यांच्या पित्यांच्या देशाकडे परत पाठवण्यात आले. एका सैन्याने शत्रूच्या स्त्रियांवर केलेला अपराध आणि त्याच सैन्याच्या सेनानीच्या पत्नीला मिळालेला आधार हे एकाच यंत्रातून जोडलेले दाखवून बुजोल्ड यांनी युद्धाची किंमत स्त्रीदेहातून कशी वसूल होते, हे कोणत्याही भाष्याविना सिद्ध केले आहे.

यानंतर व्हॉरडेरियन नावाचा सरदार बंड करून राजधानी ताब्यात घेतो, आणि तो गर्भ यंत्रासह त्याच्या हाती पडतो. यंत्राची देखभाल झाली नाही तर मूल काही दिवसांत दगावणार हे स्पष्ट असते. परंतु इतर अधिकाऱ्यांची कुटुंबेही ओलीस असताना केवळ स्वतःच्या अपत्यासाठी सैनिकांचे प्राण धोक्यात घालणे अ‍ॅरलला मान्य नसते. येथे लेखिकेने अ‍ॅरलला निर्दय रंगवलेले नाही, आणि या प्रसंगाचे वैचारिक मूल्य नेमके त्यातच आहे: तो चांगला पती आहे, त्याचे दुःख खरे आहे, आणि तरीही ज्या पदावर तो बसला आहे त्या पदावरून त्याला दुसरा निर्णय घेता येत नाही. अधाशी संस्थेचे खरे स्वरूप दुष्ट माणसांपेक्षा अशा सज्जन माणसांच्या असहायतेतून अधिक स्पष्ट दिसते. कॉर्डेलिया मोजक्या सोबत्यांसह राजधानीत शिरते, यंत्र परत मिळवते आणि व्हॉरडेरियनचा शिरच्छेद करवून बंडच संपवते. जे काम सेनापतीला आपल्या अधिकाराने करता आले नाही, ते त्याची पत्नी त्या अधिकाराच्या बाहेर उभी असल्यामुळे करू शकते.

मात्र या मालेचे सामर्थ्य एका असामान्य नायिकेपुरते मर्यादित नाही. कॉर्डेलियाभोवती बुजोल्ड यांनी सैन्याशी विवाहाने बांधल्या गेलेल्या इतर स्त्रियांची जी मालिका उभी केली आहे, तिच्यामुळे एका भूमिकेच्या अनेक शक्यता वाचकासमोर येतात. राजकन्या करीन ही एस्कोबारच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या युवराजाची विधवा असून, आपला मुलगा ग्रेगोर याच्या सुरक्षिततेसाठी सत्तेवर येईल त्याच्याशी जुळवून घेणे हाच तिला ठाऊक असलेला एकमेव बचाव आहे. मूल जिवंत असल्याचे कळताच ती बंडखोरावर शस्त्र उचलते आणि त्यात प्राण गमावते. अ‍ॅलिस व्होरपॅट्रिल हिचा पती बंडाच्या काळात मारला जातो आणि त्याच रात्री लपलेल्या अवस्थेत ती मुलाला जन्म देते. पुढील अनेक वर्षे ती सम्राटाच्या दरबारातील सामाजिक व्यवहाराची सूत्रधार म्हणून वावरते, आणि जे श्रम पापानेक यांनी अदृश्य म्हटले असते तेच राज्य चालवण्याचे एक प्रमुख साधन कसे आहे, याचा प्रत्यय तिच्या चरित्रातून येतो.

सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण द्रू, म्हणजे लुडमिला द्रूश्नाकोवी, हिचे आहे. अंगरक्षक म्हणून तिचे कौशल्य कोणत्याही सैनिकाच्या तोडीचे आहे, सैन्यात जाण्याची तिची इच्छा प्रामाणिक आहे, पण बॅरायारच्या सैन्याचे दार तिला बंद आहे. ती ज्याच्याशी विवाह करते तो कुडेल्का सेवेतील दुखापतीमुळे काठीच्या आधाराने चालणारा अधिकारी आहे, आणि त्याची कारकीर्द पुढे चालू राहते, तर ती चार मुलींची माता होते. शारीरिक क्षमता गमावलेल्या पुरुषाला जी संस्था सामावून घेते, ती संपूर्ण क्षमता असलेल्या स्त्रीला केवळ पत्नी म्हणूनच आत येऊ देते, हा विरोधाभास लेखिकेने कोठेही बोलून दाखवलेला नाही. त्या दोघांचे सुखी घर वाचकापुढे ठेवून तिने तो वाचकाच्या विवेकावर सोपवला आहे.

१९९८ च्या ‘कोमार’ या कादंबरीतील एकातेरिन या चित्राला आणखी एक बाजू जोडते. तिचा पती टीन सैन्यातील सेवा संपवून नागरी प्रशासनात आलेला, एका नोकरीतून दुसरीकडे जाणारा, आपला आनुवंशिक आजार लपवणारा आणि अखेरीस भ्रष्टाचारात अडकलेला आहे. त्याच्या प्रत्येक बदलीबरोबर तिचे शिक्षण, तिची उद्यानरचनेची आवड आणि तिचे परिचित मागे पडत गेले आहेत, कारण दिलेले वचन पाळणे हाच व्होर स्त्रीचा मान असे तिला शिकवले गेले आहे. सैनिकी निष्ठेचा आदर्श घरात शिरला की तो पत्नीकडून एकतर्फी वसूल केला जातो, आणि निष्ठेला पात्र नसलेल्या पतीपुढेही तिला शिपायासारखे उभे ठेवतो, हे बुजोल्ड यांचे निरीक्षण भविष्यकाळाच्या वेषात आले असले तरी सर्व काळांना लागू आहे.

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांशी तुलना केल्यास या मालेचे वेगळेपण अधिक उठून दिसते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ या पर्यायी इतिहासाच्या मालिकेत नौदलातून अंतराळवीर झालेल्या एड बाल्डविनची पत्नी कॅरन हिचे चित्रण आरंभी अत्यंत समर्थपणे झाले आहे: पती चंद्रावरील तळावर असताना मुलाचा मृत्यू तिला एकटीने सोसावा लागतो. परंतु तिला मोठी उद्योजिका म्हणून स्वतंत्र ओळख मिळते ती विवाह मोडल्यानंतर, आणि ती ओळख बळकट होते न होते तोच कथेत तिचा मृत्यू घडवला जातो. विवाहात राहून, त्या संस्थेच्या आत वावरून, स्त्री पूर्ण माणूस असू शकते ही शक्यता अशा कथा सहसा पडताळून पाहत नाहीत. बुजोल्ड यांनी ती पडताळली. २०१६ मधील ‘जेंटलमन जोल अँड द रेड क्वीन’ या कादंबरीत विधवा कॉर्डेलिया सर्ग्यार ग्रहाची राज्यपाल आहे, वयाच्या ७६ व्या वर्षी नवे आयुष्य आखते आहे, आणि आता कारकीर्द की सहजीवन हा प्रश्न अ‍ॅडमिरल जोल या पुरुषाला सोडवावा लागतो. भूमिकांची ही अदलाबदल तीस वर्षे चाललेल्या चिंतनाची परिणती आहे.

देवळाली, खडकी, कामठी यांसारख्या छावण्यांच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणाऱ्या सातारा-कोल्हापूरकडील गावांच्या महाराष्ट्राला या जीवनाची प्रत्यक्ष ओळख आहे. पतीची सीमेवरील नेमणूक, मुलांच्या बदलणाऱ्या शाळा आणि एकटीने चालवलेले घर यांचे अनुभव येथील असंख्य स्त्रियांपाशी आहेत. मराठी विज्ञानकथेने प्रयोगशाळा, संशोधक आणि विज्ञानाचे सामाजिक परिणाम हे विषय समर्थपणे हाताळले आहेत, आणि म्हणूनच तिने आता भविष्यातील सैनिकाच्या घराचाही विचार करावा, अशी अपेक्षा बाळगणे रास्त आहे. जो समाज आपल्या संरक्षणासाठी एका माणसाला वेतन देतो आणि दुसऱ्याचे आयुष्य गृहीत धरतो, त्याने हा हिशेब कधीतरी उघडपणे मांडला पाहिजे. आणि तो मांडण्याचे धैर्य कथाकारांनी प्रथम दाखवावे.