नळी बदलली, कारण राहिलें

एखादी वस्तु मोडली म्हणजे तिचा मोडका भाग काढून नवा बसवावा, हा व्यवहार इतका नित्याचा आहे कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गाडीचें चाक, जात्याचा खुंटा, छत्रीची काडी, घड्याळाची कमान; ज्याचें जें झिजलें तें बदललें कीं काम भागलें. परंतु ज्या वस्तूमुळें एखाद्याच्या जिवावर बेतण्याची वेळ आली, तिचा बिघडलेला भाग बदलल्यानें झालेला प्रसंगहि मिटतो काय? हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीं एका रायफलीच्या नळीनें आमच्यापुढें उभा केला. त्या वेळीं आम्हीं तो टाळला. आज तो वाचकांपुढें मांडीत आहों, तो उपदेशाच्या हौसेनें नव्हे. टाळलेला प्रश्न काळानें झिजत नाहीं, असा अनुभव आल्यामुळें मांडीत आहों.

आम्ही तेव्हां नुकतेच प्राध्यापकीच्या कामावर रुजू झालों होतों, आणि महाविद्यालयाच्या एन्. सी. सी. पथकाचें काम आमच्याकडे आलें होतें. देहूरोडच्या बाजूस एका चांदमारीवर मुलांना .२२ च्या रायफलींनीं नेमबाजीचा सराव द्यावयाचा होता. देहूरोड हें लष्करी कोठारांभोवतीं वाढलेलें गांव. कांहीं मैलांवर तुकोबांचें देहू आणि अलीकडे दारूगोळ्याचीं कोठारें, या शेजाराची आम्हांस त्या वयांत गंमत वाटे. त्या दिवशीं ऊन चढलें होतें, परतीचा ट्रक उभा होता, आणि पांच-पांच गोळ्यांची शेवटची फेरी चालू होती. पथकांतला सर्वांत चांगला नेमबाज डेपोंतील एका मजुराचा मुलगा होता. त्याच्या तिसऱ्या गोळीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत आला नाहीं. फटाका न वाजतां नुसताच सुरसुरावा, तसा पोकळ आला. तो आम्हीं ऐकला. असा आवाज आल्यास तत्काळ ‘थांबा’ म्हणावें, बोल्ट उघडावा, आणि नळींत गज घालून ती मोकळी आहे अशी खात्री करून घ्यावी, हा धडा त्याच सकाळीं आम्हींच मुलांना दिला होता. तरी आम्ही कांहीं बोललों नाहीं. मुलगा क्षणभर थांबला. मग त्यानें बोल्ट मागें-पुढें केला आणि चौथी गोळी झाडली. या वेळीं रायफल वेगळ्याच रीतीनें हिसकली. सुदैवानें मुलास इजा झाली नाहीं. पण नळीवरून बोट फिरवितां मध्यावर एक कडें हाताला लागूं लागलें.

घडलें होतें तें साधेंच होतें. तिसऱ्या काडतुसांतील दारू दमट असावी, किंवा ती भरलीच गेली नसावी. बुडाशीं असलेल्या ठिणगीच्या मसाल्यानें गोळी थोडीशी ढकलली, आणि सुमारें अडीच ग्रॅम वजनाचें तें शिसें नळीच्या मध्यावर जाऊन अडकलें. पाठोपाठ आलेली चौथी गोळी त्यावर आदळली. त्या ठिकाणीं दाब एकाएकीं वाढला आणि पोलाद बाहेर फुगलें. मोठ्या रायफलींत अशा वेळीं नळी फाटूंहि शकते, आणि मग हात किंवा डोळा जावयास उशीर लागत नाहीं.

फुगलेली नळी ठोकून नीट होत नाहीं. ती बदलावीच लागते. नळीच्या आंत पिळाचे चर पाडलेले असतात. त्यांत घट्ट बसून गोळी स्वतःभोंवती फिरत बाहेर पडते, आणि त्या फिरण्यामुळेंच ती आपली दिशा धरून राहते. मध्यें कडेंभर जागा सैल झाली कीं ही पकड सुटते. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेंत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें, तें याच .२२ च्या जातीच्या रायफलीनें. त्या खेळांतील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. तेथें केसाएवढा दोषहि लपत नाहीं.

आमची रायफल कारखान्यांत गेली. कारागिरानें रायफलीच्या मुख्य अंगांतून, ज्याला त्यांच्या भाषेंत ‘बॉडी’ म्हणतात, जुनी नळी काढली व नवी बसविली. काडतूस बसल्यावर त्याच्या बुडाशीं किती फट राहते तें मापानें तपासलें. गोळ्या झाडून पाहून माशी पुन्हां जुळविली. नव्या नळीवर जुनाच नंबर ठोकला. कांहीं दिवसांनीं रायफल परत आली आणि नोंदवहींत एक ओळ पडली : ‘नळी बदलली. कारण : छात्राचें दुर्लक्ष.’ खालीं सही आमची होती. हें वाक्य सर्वस्वी खोटें नव्हतें. म्हणूनच तें कोणाला खटकलें नाहीं. मुलाचें नांव नेमबाजीच्या संघांतून कमी झालें. पुढच्या वर्षीं तो पथकांतहि दिसला नाहीं.

आतां तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारील कीं, परत आलेली रायफल तीच होती काय? हा प्रश्न फार जुना आहे. थीसिअसचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं जपून ठेविलें, आणि कुजेल ती फळी ते बदलीत गेले. तें जहाज तेंच कीं दुसरें, यावर तेथील पंडितांत दोन तट पडले, असें प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला : काढलेल्या जुन्या फळ्या सांठवून कोणी त्यांचेंच जहाज बांधलें, तर खरें जहाज कोणतें? आपल्याला इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. मराठेशाहींतील ‘फिरंग’ म्हणजे युरोपांतून आलेलें पातें आणि त्याला येथील कारागिरानें बसविलेली मूठ. पातें मोडलें तर नवें चढवावें, मूठ झिजली तर ती बदलावी. घरांत तलवार तीच म्हणून पुजली जाईल. वस्तूंच्या बाबतींत आमच्या मतें उत्तर सोपें आहे. वस्तूला स्वतःचें कांहीं म्हणणें नसतें. ती कोणत्या कामासाठीं आणि कोणाच्या हिशेबांत आहे, त्यावर तिचें एकत्व ठरतें. नोंदवहीपुरती रायफल तीच. नेम जुळविणाऱ्यापुरती ती नवी. दोन्ही म्हणणीं एकदम खरीं असूं शकतात, आणि त्यांत कोणाचें नुकसान होत नाहीं.

मनुष्याच्या बाबतींत मात्र हाच प्रश्न इतका निरुपद्रवी राहत नाहीं. पुढें आम्ही वर्गांत हा विषय शिकवूं लागलों, आणि नकळत त्या जहाजांत बसून पळूं लागलों. ‘चांदमारीवर गप्प बसला तो पंचविशीचा पोर होता. त्याचीं मतें, त्याची घाई, वरिष्ठांची त्याला वाटणारी भीति, यांतलें आज आमच्यांत कांहीं उरलेलें नाहीं. फळ्या साऱ्या बदलल्या. मग त्याच्या सहीचा जाब आम्हांस कां?’ हा युक्तिवाद ऐकावयास वाईट वाटत नाहीं, आणि आपण सारेच तो कधीं ना कधीं करतों. जॉन लॉकनें याला चांगलें उत्तर देऊन ठेविलें आहे. त्याच्या मतें ‘व्यक्ति’ हा शब्दच मुळीं न्यायनिवाड्याचा आहे. जिला मागचें कर्म आपलें म्हणून आठवतें, तीच त्याचा जाब देणारी व्यक्ति. तो पोकळ आवाज आम्हांस आजहि आठवतो. तेव्हां लॉकच्या न्यायासनापुढें आमची सुटका नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत त्या मुलाचा पत्ता काढून आम्ही लोकलनें देहूरोडला गेलों. येथील विहारांत २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची स्थापना केली; नागपूरच्या धर्मांतराच्या सुमारें दोन वर्षें आधींची ही गोष्ट. त्या जागेवरून जातांना आम्हांस मिलिंदाची आठवण झाली. ज्या ग्रीक राजाचें नांव बाबासाहेबांनीं औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला दिलें, त्याचा आणि भिक्षु नागसेनाचा संवाद पाली ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. रथ हें भागांच्या जुळणीला दिलेलें नांव, आणि ‘नागसेन’ हेंहि तसेंच, असें भिक्षु राजाला पटवितो. एवढेंच वाचून थांबणाऱ्याला वाटेल कीं, आतां जाब देणारा कोणी उरलाच नाहीं. पण पुढें आंबे चोरणाऱ्याचा दाखला येतो. चोर म्हणतो कीं, मालकानें लावलेला आंबा वेगळा आणि मीं तोडलेले वेगळे, मग मी चोर कसा? राजाला स्वतःलाच कबूल करावें लागतें कीं, तरीहि तो दंडास पात्र आहे. कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यापासूनच आलेले. जो विचार मनुष्याच्या ठायीं कायमची अशी एकहि फळी मानीत नाहीं, तोहि कर्माचा धागा तोडूं देत नाहीं. आमच्या पळवाटेचें दार त्या रस्त्यावरच बंद झालें.

तो मुलगा आतां पन्नाशीला आला आहे. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचें त्याचें लहानसें दुकान आहे. आम्हांस पाहून तो उठून उभा राहिला. आम्हीं जें सांगावयाचें तें सांगितलें. त्यानें हातांतली पक्कड खालीं ठेविली आणि तो म्हणाला, “सर, आवाज मलाही आला होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही घड्याळाकडे बघत होता. म्हटलं, काही असतं तर सरांनी थांबवलं असतं.”

तीस वर्षें आम्ही समजत होतों कीं, आमचा अपराध न बोलण्याचा आहे. तो तेवढाच नव्हता. ज्याच्या शब्दावर दुसरा विसंबला आहे, त्याचें गप्प राहणें हीच एक आज्ञा असते, आणि त्या मुलानें ती पाळली होती. ज्याला आम्हीं दुर्लक्ष म्हणून लिहिलें, तो आमच्यावरचा विश्वास होता.

महाविद्यालयाला आम्ही लेखी कळवितों, असें आम्ही म्हणालों. (मागाहून चौकशी केली तेव्हां ती नोंदवही केव्हांच रद्दींत गेल्याचें समजलें.) तो म्हणाला, “आता त्याचं काय, सर? पण आईला तेवढं सांगा. बाबा गेले ते मीच सरकारी रायफल मोडली असं धरून गेले.” आम्ही त्याच्या घरीं गेलों. म्हाताऱ्या आईनें सारें ऐकून घेतलें. “त्याचे वडील त्याला फार बोलले होते हो,” एवढेंच ती म्हणाली, आणि चहा ठेवावयाला उठली.

अपघातानंतर मोडलेला भाग बदलावा, हें योग्यच आहे. तसें न करणें हा दुसरा अपराध होईल. परंतु त्या बदलानें वस्तूचें काम पुरें होतें, मनुष्याचें होत नाहीं. मनुष्याला कारण खरें लिहावें लागतें, आणि तें वेळेवर लिहावें लागतें. कागदावरचें खोटें कारण रद्दीबरोबर नाहींसें झालें. पण एका घरांत तें बापाच्या मनांत शेवटपर्यंत राहिलें, आणि त्या मनांतून तें काढण्याचा उपाय आतां आमच्या हातीं नाहीं. आईला सांगतां आलें, तेवढेंच काय तें उरलें होतें. ज्यांच्याजवळ असें कांहीं सांगावयाचें राहिलें असेल, त्यांनीं ऐकणारीं माणसें आहेत तोंवर जाऊन सांगावें.