कुत्र्यांसाठी तिकीट

उपासक-उपासिकांनो, भटक्या कुत्र्यांच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम आणि त्याला तिकीट, हे ऐकून आपल्या घरात कुणी चिडले तर मी त्याला दोष देणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती; आपल्या माणसांना त्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. आपल्या नाशकात १९३० साली काळारामाचे दार बंद झाले, तेही माणसांनाच.

पण तळे कुत्र्याने बंद केले होते काय? ज्यांनी केले त्यांचा राग मुक्या जिवावर काढणे पंचशीलात बसत नाही. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा शेजारी-शेजारी सांगितल्या. आधी मनुष्य, हेही खरे!

माझ्या वर्गातल्या एका पोराला कुत्रा चावला. सुया घेण्यात त्याची शाळा बुडाली, बापाची मजुरी बुडाली. म्हणून तिकीट घेण्यापूर्वी मी विचारतो, पैसा कशाला? केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी व रेबीजची लस यांवर खर्च होणार असेल, तर तो आपल्या वस्तीच्याही कामाचा, आनंदाने द्यावा. नुसती बिस्किटे घालायची असतील, तर माझ्या मुलीच्या वह्या अजून घ्यायच्या आहेत.